डिस्क प्लेयरचे दिवस संपत आलेत, पण तुमच्या होम थिएटरवर ५.१ आवाज कधी खरंच वाजला होता का?

जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या खराडीत, सिटी प्राइडमध्ये, देशातलं पहिलं 'डॉल्बी सिनेमा' थिएटर सुरू झालं. समोर, बाजूला, मागे आणि डोक्यावरही स्पीकर. सिनेमात हेलिकॉप्टर आलं की मान आपोआप वर जाते.

त्याच्या काही महिने आधी दोन बातम्या येऊन गेल्या, पण त्यांची फारशी चर्चा झाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एलजीने ब्लू-रे प्लेयर बंद केल्याचं समोर आलं. जानेवारी २०२५ मध्ये सोनीने जाहीर केलं की रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारीपासून थांबेल.

थोडक्यात, थिएटरमधला आवाज दिवसेंदिवस भारी होतोय आणि तो आवाज घरी आणणारी डिस्क मात्र बाजारातून चाललीय.

आता हे सगळं जाफराबादला बसून बघा. जालना जिल्ह्याच्या टोकाचा, बुलढाण्याला लागून असलेला हा तालुका. इथून खराडी तीनशे किलोमीटरहून लांब. साध्या मल्टिप्लेक्ससाठीही जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरायची. अशा ठिकाणी सिनेमाचा आवाज म्हणजे घरातल्या खोलीत जो ऐकू येतो तोच. आणि ज्यांच्याकडे डीव्हीडी प्लेयर आणि पाच स्पीकर-एक वूफरचा सेट आहे, त्यातल्या अनेकांनी तो सराउंड आवाज आजवर एकदाही ऐकलेला नसतो.

सेट हलका असतो म्हणून असं होत नाही. एखादी चुकीची वायर किंवा मेनूतला एक चुकीचा पर्याय एवढंच त्याला पुरतं. हे कसं होतं आणि पैसे खर्च न करता कसं दुरुस्त करता येतं, तेच या लेखात समजून घेऊ.

आधी बातमी: नेमकं काय बंद होतंय?

डिस्क एका दिवसात गेली नाही. आपल्याकडे २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली आणि तालुक्याच्या बाजारपेठेतही ओरिजिनल डिस्क दिसू लागल्या. पुढे मोबाइल डेटा स्वस्त झाला, ओटीटी आलं. २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून लिक्विडेशनमध्ये गेली.

जगभरात हेच घडत होतं. प्रीमियम डिस्क प्लेयरसाठी नावाजलेल्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये काम थांबवलं. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेयर आणणं बंद केलं. पोस्टाने डीव्हीडी पाठवून मोठ्या झालेल्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिस्क पाठवली.

एक गोष्ट लक्षात घ्या. सोनीने बंद केल्या त्या कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या डिस्क. सिनेमाच्या छापील डिस्क आणि काही कंपन्यांचे प्लेयर अजून मिळतात. पण पर्याय कमी होतायत. बिघडलेल्या प्लेयरची लेन्स मिळणं आणि ती बसवणारा मेकॅनिक सापडणं, दोन्ही अवघड होत जाणार.

त्यात टीव्हीही बदलतायत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठा टीव्ही घ्यायचं अनेक घरांनी मनावर घेतलं. पण काही नव्या टीव्हींना मागे पिवळी-लाल-पांढरी पिन लावायची जागाच नसते. मग जुना प्लेयर थेट माळ्यावर जातो. तो माळ्यावर टाकण्याआधी पुढचं वाचा.

'डॉल्बी' म्हणजे मोठा आवाज?

आपल्याकडे 'डॉल्बी लावला' म्हटलं की डोळ्यांसमोर मिरवणुकीतली स्पीकरची भिंत येते. छातीत धडधड होईल तो डॉल्बी. गंमत म्हणजे डॉल्बी ही कंपनी उभी राहिली ती आवाजातला गोंगाट कमी करण्यासाठी.

रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली. त्यांचं पहिलं उत्पादन होतं टेपवरची 'स्स्स' अशी खरखर दाबणारं यंत्र.

सिनेमाचा सराउंड आवाज पुढे आला, पण त्यातही मुद्दा आवाज किती मोठा हा नाही. तो कुठून येतो, हा आहे. पाऊस चारही बाजूंनी पडावा, दार मागे वाजावं, माणूस पडद्यावर जिथे उभा आहे तिथूनच बोलावा.

मराठी सिनेमातही यावर बारकाईने काम होतं. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'त्रिज्या'साठी मंदार कमलापूरकर यांना आणि ६८ व्या पुरस्कारांत 'मी वसंतराव'साठी अनमोल भावे यांना साउंड डिझाइनचा पुरस्कार मिळाला. 'सैराट'चं सिंफनी वाद्यवृंदाचं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झालं होतं. एवढी मेहनत घरी पोहोचेपर्यंत दोन स्पीकरमध्ये आवळली गेली, तर नुकसान बघणाऱ्याचंच आहे.

५.१ मधला पाच कोण आणि .१ कोण?

पाच म्हणजे पाच वेगवेगळे आवाज. समोर डावा, समोर उजवा, मधला म्हणजे सेंटर, मागे डावा आणि मागे उजवा. प्रत्येकाकडे वेगळा माल येतो. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात. मागच्या दोघांना वातावरण सांभाळायचं असतं: पाऊस, गर्दी, किडे, प्रतिध्वनी.

'.१' म्हणजे वूफरला मिळणारा खास चॅनेल. त्यात साधारण १२० हर्ट्झच्या खालचे घुमणारे आवाज असतात. सगळा आवाज नसून त्याचा छोटासा पट्टाच असतो, म्हणून पूर्ण एक न म्हणता पॉइंट एक म्हणतात.

हे सहा आवाज डिस्कवर वेगवेगळे साठवलेले असतात. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'पासून चित्रपटगृहांत आलेल्या डीटीएस पद्धतीत तर आवाज रिळावर नसायचाच. तो वेगळ्या सीडीवर असायचा आणि रिळावरच्या खुणांशी जुळवून वाजवला जायचा. म्हणजे एकेकाळी थिएटरमध्येही सराउंड आवाज डिस्कवरूनच यायचा.

सहाही स्पीकर वाजतायत, म्हणजे ५.१ चालू आहे?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

बरेच सेट दोन चॅनेलचा साधा स्टिरिओ आवाज आला की तोच सगळ्या स्पीकरना वाटून देतात. सगळे स्पीकर वाजतात, खोली भरून जाते आणि आपल्याला वाटतं सराउंड सुरू आहे.

याची चाचणी एका मिनिटात होते. दोन माणसं शांतपणे बोलतायत असा सीन लावा आणि मागच्या स्पीकरला कान लावा. तिथून संवाद स्पष्ट ऐकू येत असेल तर तो बहुतेक स्टिरिओच आहे, पाच जागी वाटलेला. खऱ्या ५.१ मध्ये अशा वेळी मागचा स्पीकर जवळजवळ गप्प असतो. फार तर पंख्याची घरघर किंवा लांबचा पक्षी. मागचा स्पीकर गप्प राहिला तर तो बिघडलाय असं समजू नका.

आता माल कुठून येतोय ते बघा:

- व्हीसीडी: यात दोनच चॅनेल असतात. कितीही महाग सेट लावला तरी व्हीसीडीतून खरं ५.१ येणार नाही.
- एका डिस्कवर तीन-चार सिनेमे: जागा वाचवायला यातला आवाज बहुतेकदा दोन चॅनेलचाच ठेवलेला असतो.
- ओरिजिनल डीव्हीडी: कव्हरच्या मागे 'डॉल्बी डिजिटल ५.१' किंवा 'डीटीएस' लिहिलंय का बघा. लिहिलं असलं तरी डिस्कच्या मेनूत जाऊन ५.१ निवडावं लागतं. बऱ्याच डिस्क आपोआप २.० वर सुरू होतात.
- ब्लूटूथ: मोबाइल ब्लूटूथने होम थिएटरला जोडला की नेहमीच्या पद्धतीत दोनच चॅनेल जातात. मोबाइलवर 'ॲटमॉस' लिहिलेलं असलं तरी पाच स्पीकरच्या सेटवर ते ५.१ होऊन येत नाही.
- पेन ड्राइव्हवरची एमपीथ्री गाणी: हीसुद्धा स्टिरिओ.
- जुने मराठी सिनेमे: सत्तरच्या दशकातले बहुतेक सिनेमे मुळात मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचे. त्यांना जबरदस्तीने सराउंड केलं की संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात. ते समोरच्या स्पीकरवर साधेच ऐका, जास्त गोड लागतील.

सगळा खेळ वायरीचा

डिस्क ५.१ ची आहे, प्लेयर चांगला आहे, तरी आवाज दोन चॅनेलचाच येतो. मग वायर तपासा.

लाल-पांढरी पिन. या जोडीतून दोनच चॅनेल जातात, लाल म्हणजे उजवा आणि पांढरा म्हणजे डावा. पिवळी पिन चित्राची. तुमचा प्लेयर एवढ्याच पिनांवर सेटला जोडलेला असेल तर ५.१ विसरा.

सहा पिना. आपल्याकडच्या अनेक स्वस्त डीव्हीडी प्लेयरच्या मागे सहा वेगळे सॉकेट असतात: समोरचे दोन, मागचे दोन, सेंटर आणि वूफर. सेटच्या मागेही तशाच सहा जागा असतील तर सहाच्या सहा वायरी जोडा. जाफराबादसारख्या ठिकाणी घरात पडून असलेल्या जुन्या सेटसाठी हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. तीन जोड-वायरी लागतात, बस्स. फक्त अदलाबदल होऊ देऊ नका. सेंटरची पिन वूफरमध्ये गेली की संवादच गायब होतात.

ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल. या एकाच वायरीतून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचं ५.१ जातं. ब्लू-रेवरचा ट्रूएचडीसारखा पूर्ण दर्जाचा आवाज मात्र यात मावत नाही.

एचडीएमआय. शक्य असेल तर हीच वापरा. इथे एक चूक फार होते. आपण प्लेयर टीव्हीला जोडतो आणि टीव्हीतून आवाज सेटकडे नेतो. काही टीव्ही मधल्या मध्ये ५.१ चं स्टिरिओ करून टाकतात, काहींना डीटीएस कळतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्लेयर ते सेट, मग सेट ते टीव्ही.

सेटला एचडीएमआयची इनपुट जागाच नसेल तर टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या सॉकेटमधून आवाज घ्या. यातून डॉल्बी डिजिटल जातं. नव्या टीव्हींवर 'ई-एआरसी' असतं, त्यातून ब्लू-रेचा पूर्ण दर्जाचा आवाजही जाऊ शकतो.

वायर लावतानाच स्पीकरच्या लाल-काळ्या तारा बघून घ्या. एका स्पीकरची तार उलटी लागली तर तो वाजतो, पण दुसऱ्याचा बेस खातो. आवाज पोकळ वाटतो आणि दोष मात्र सेटला दिला जातो.

मेनूतला तो एक पर्याय

प्लेयरच्या रिमोटवर 'सेटअप' दाबा आणि 'ऑडिओ'त जा. तिथे 'डिजिटल आउट' नावाचा पर्याय असतो. त्यात साधारण दोन निवडी असतात: 'पीसीएम' आणि 'बिटस्ट्रीम'. काही प्लेयरवर बिटस्ट्रीमला 'रॉ' म्हटलेलं असतं.

बिटस्ट्रीम म्हणजे डिस्कवरचं पाकीट न फोडता जसंच्या तसं सेटकडे पाठवणं. सेट ते फोडतो आणि सहा स्पीकरना वाटतो. पीसीएम म्हणजे प्लेयरनेच पाकीट फोडून पुढे देणं. ऑप्टिकल वायरीत फोडलेल्या मालाला दोनच चॅनेलची जागा असते, म्हणून उरलेले चॅनेल त्या दोघांत मिसळले जातात. तेव्हा ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल वापरत असाल तर बिटस्ट्रीम निवडा. एचडीएमआयमध्ये पीसीएमवरही सगळे चॅनेल जाऊ शकतात, पण तिथेही आधी बिटस्ट्रीम करून बघा. सेटच्या डिस्प्लेवर डॉल्बी किंवा डीटीएसचं नाव आलं की समजा, काम झालं.

सहा पिनांवाल्या जोडणीत उलटं असतं. तिथे पाकीट प्लेयरनेच फोडायचं असतं. म्हणून 'डाउनमिक्स' नावाचा पर्याय शोधा आणि तो बंद करा, किंवा '५.१' वर ठेवा. तो 'स्टिरिओ'वर राहिला तर सहा वायरी जोडूनही चारांतून काही येणार नाही.

खोली दहा बाय बाराची, स्पीकर कुठे ठेवायचे?

बरेचदा पाचही स्पीकर टीव्हीखाली एका ओळीत किंवा शोकेसमध्ये सजवून ठेवलेले दिसतात. दिसायला छान, पण सराउंड संपला.

सोपा नियम असा. तुम्ही बसता ती जागा मध्यबिंदू धरा. समोरचे डावा-उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून प्रत्येकी ३० अंशांपर्यंत बाजूला, म्हणजे तुम्ही आणि ते दोघे मिळून साधारण समान बाजूंचा त्रिकोण. सेंटर बरोबर टीव्हीच्या खाली किंवा वर, तुमच्या तोंडाकडे वळवलेला. मागचे दोघे ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या रेषेपासून थोडे मागे आणि कानापेक्षा फूट-दोन फूट उंच.

आपल्याकडे दिवाण किंवा सोफा भिंतीला टेकलेला असतो, मागे जागाच नसते. काही हरकत नाही. मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर लावा आणि थेट कानाकडे न वळवता समोरासमोर ठेवा. पाठीमागच्या भिंतीवर डोक्याला चिकटून लावण्यापेक्षा हे बरं.

सेंटर स्पीकर शोकेसच्या कप्प्यात खोल ढकलू नका. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा.

वूफरसाठी एक जुनी युक्ती आहे. वूफर थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने जमिनीलगत रांगत फिरा. जिथे बेस घट्ट, स्वच्छ ऐकू येईल तिथे वूफर ठेवून द्या. घरचे हसतील, पण उपाय लागू पडतो.

मग मेनूतलं अंतर भरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद. मागचा स्पीकर चार फुटांवर आणि समोरचा नऊ फुटांवर असेल, तर मागचा आवाज चार-पाच मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि सगळं विस्कटतं. सेटअपमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टाकायची सोय असेल तर टेप घेऊन मोजा आणि टाका. शेवटी 'टेस्ट टोन' लावून सगळे स्पीकर बसायच्या जागेवर सारखेच ऐकू येतील असे जुळवा.

स्लॅब, पत्रे आणि माळवद

त्याच सेटचा आवाज दोन घरांत वेगळा येतो, कारण खोलीही आवाजात भर घालते.

स्लॅबचं घर, गुळगुळीत प्लास्टर, खाली फरशी आणि सामान कमी, अशा खोलीत टाळी वाजवून बघा. टाळीमागे 'टर्रर्र' असा झणझणाट आला तर संवादही असेच घुमणार. यावर उपाय घरातच आहे. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि जमल्यास बाजूच्या भिंतीवर गोधडी किंवा वाकळ. फरक लगेच कळतो.

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचाच थर, या बाबतीत नशीबवान म्हणायची. मातीचा ओबडधोबड पृष्ठभाग आवाज गुळगुळीत प्लास्टरसारखा परत फेकत नाही.

पत्र्याच्या घरात अडचण वेगळी. वूफरने पत्रे थरथरतात. तिथे वूफरचा आवाज कमी ठेवा आणि तो भिंतीच्या कोपऱ्यातून थोडा बाहेर काढा. कोपऱ्यात बेस वाढतो.

सेटमधून सतत 'घूंऽऽ' येत असेल तर आधी अर्थिंग तपासा. डिश किंवा केबलची वायर काढल्यावर घूं थांबली तर ती तिथूनच येतेय. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सेट चालवला तरीही अशी घूं येऊ शकते.

गाण्यात कान फाटतात, संवाद ऐकू येत नाहीत. का?

घरोघरची तक्रार. गाणं लागलं की आवाज कमी करा, संवाद आला की वाढवा. रिमोट हातातून सुटत नाही.

याची कारणं साधारण तीन. पहिलं, सेंटर जोडलेलाच नाही किंवा मेनूत तो 'ऑफ' आहे. दुसरं, खोलीत कूलर आणि पंखा चालू असतात, हळू आवाज त्यात बुडतो. तिसरं, सिनेमाचा आवाज शांत थिएटरसाठी मिसळलेला असतो. त्यात कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर मुद्दाम मोठं ठेवतात.

म्हणून सेंटरचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवा. 'नाइट मोड' किंवा 'डीआरसी' असेल तर रात्री तो चालू करा. त्याने मोठे आवाज दबतात, हळू आवाज वर येतात. दिवसा नीट बसून सिनेमा बघताना तो बंद ठेवा, नाहीतर सगळंच सपाट वाटेल.

डिस्क चांगली की ओटीटी?

डिस्कप्रेमी सांगतात डिस्कला तोड नाही. हे अर्धं खरं आहे. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलचा आवाज जास्तीत जास्त ४४८ केबीपीएसचा असतो. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये सांगितल्यानुसार त्यांचा ५.१ आवाज १९२ ते ६४० केबीपीएस आणि ॲटमॉस ७६८ केबीपीएसपर्यंत जातो. शिवाय ओटीटीवरची डॉल्बी डिजिटल प्लस ही पद्धत नवी आहे, तेवढ्याच डेटात ती जास्त चांगला आवाज देते. म्हणजे नेट उत्तम असेल तर ओटीटी डीव्हीडीच्या पुढे जाऊ शकतं. ब्लू-रेचं वेगळं. त्यावर काहीही न गाळलेला आवाज असतो, ओटीटी तिथे मागे पडतं.

पण कळीचा शब्द आहे 'नेट उत्तम असेल तर'. वर १९२ चा आकडाही आहे. नेट मंदावलं की ओटीटी आवाज खाली आणतं आणि ते तुम्हाला सांगत नाही. डिस्कचं तसं नाही. टॉवरला रेंज असो-नसो, डिस्कवरचे ४४८ हे ४४८ च राहतात. जिथे नेट भरवशाचं नाही तिथे डिस्कचा खरा फायदा हा आहे.

दुसरा प्रश्न पैशांचा. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस मिळतं ते महिना ६४९ रुपयांच्या सगळ्यात महाग प्लॅनमध्ये. १४९ च्या मोबाइल प्लॅनमध्ये तर टीव्हीवरच बघता येत नाही. म्हणजे चांगल्या आवाजाचं भाडं दर महिन्याला. आणि करार संपला की सिनेमा यादीतून जातो. विकत घेतलेली डिस्क कुणी परत मागायला येत नाही. ती खराब झाली तर मात्र नवी मिळेलच असं नाही.

किती वॉटचा घ्यायचा? आणि शेजाऱ्यांचं काय?

डब्यावर मोठ्या अक्षरात हजारो वॉट 'पीएमपीओ' लिहिलेलं दिसलं तर त्याकडे दुर्लक्ष करा. तो क्षणभराचा, कागदावरचा आकडा असतो. 'आरएमएस' वॉट बघा, तो सेट सलग किती ताकद देतो ते सांगतो. दहा बाय बाराच्या खोलीला फार वॉट लागत नाहीत.

वापरलेला सेट घेत असाल तर तीन गोष्टी विचारा: मागे ऑप्टिकल किंवा एचडीएमआय आहे का, सहाही चॅनेल वाजतात का, रिमोट आहे का. रिमोटशिवाय सेटअप मेनू उघडणं कठीण जातं. परदेशातून कुणी डीव्हीडी आणणार असेल तर रीजन बघायला सांगा. भारताचा रीजन ५ आहे. अमेरिकेची रीजन १ ची डिस्क इथल्या प्लेयरवर चालेलच असं नाही.

आणि नियमही माहीत असू द्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नीट लावलेल्या सराउंडचा एक फायदा इथेच आहे: कमी आवाजातही सिनेमा चहूबाजूंनी जाणवतो. वूफरचा बेस भिंतीपलीकडे जातो, तेव्हा रात्री तो कमी करा.

मग आता करायचं काय?

प्लेयर चालू आहे तोवर दोन कामं उरकून घ्या.

पहिलं, लग्नाची, बारशाची, साखरपुड्याची डीव्हीडी. याचा सराउंडशी संबंध नाही, त्यात आवाज सहसा स्टिरिओच असतो. पण घरच्या घरी राइट केलेल्या डिस्क छापील डिस्कपेक्षा लवकर खराब होतात आणि त्यांची दुसरी प्रत बाजारात कुठेच मिळत नाही. ज्या स्टुडिओकडे किंवा ओळखीच्याकडे डिस्क ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर आहे, तिथे जाऊन त्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. प्रत एक नको, दोन ठेवा.

दुसरं, या रविवारी तासभर काढा. ५.१ लिहिलेली एक ओरिजिनल डीव्हीडी घ्या. मागच्या वायरी बघा, मेनूतलं बिटस्ट्रीम किंवा डाउनमिक्स बघा, शोकेसमधले मागचे दोन स्पीकर खाली उतरवून बाजूला लावा. मग पावसाचा एखादा सीन लावा.

डिस्क आज ना उद्या जाईलच. पण स्पीकरची जागा, वायरीचा क्रम, भिंतीवरची गोधडी आणि जुळवलेला सेंटर हे सगळं उद्या ओटीटीचा बॉक्स लावलात तरी तसंच कामाला येईल. बॉक्सच्या सेटिंगमध्ये मात्र 'स्टिरिओ'वरून '५.१' वर जायला विसरू नका. तोही बऱ्याचदा दोन चॅनेलवरच सुरू होतो.